टीपॉयवरची मासिकं : नाशिकच्या एका घराचं प्रकरण

जुलै २०१४ मधली गोष्ट. तिसरीतल्या मुलाला शाळेने प्रकल्प दिला होता, ‘पाण्याचे उपयोग’. पिणे, स्वयंपाक, कपडे धुणे, शेती असे मथळे, आणि प्रत्येक मथळ्याखाली कापून चिकटवलेलं चित्र. ‘पोहणे’ या मथळ्याखाली त्याने तरणतलावाच्या काठावर बिकिनीत बसलेल्या एका मॉडेलचं चित्र लावलं होतं. कातरकाम सुबक होतं. मागचं निळं पाणी कुठेही कापलं जाणार नाही याची त्याने काळजी घेतली होती, कारण त्याच्या दृष्टीने ते चित्र पाण्याचंच होतं. वर्गशिक्षिकेने ती वही मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मुलाच्या आईपुढे ठेवली. आई त्याच शाळेत दुसरीला शिकवायची.

त्या संध्याकाळी नवरा सेकंड शिफ्टला होता. आईने टीव्हीखालच्या कप्प्यातली, टीपॉयखालची, गॅलरीतल्या खोक्यातली सगळी मासिकं काढली आणि रद्दीवाल्याला देऊन टाकली. २१ किलो भरली. रात्री बाराच्या सुमारास नवरा घरी आला तेव्हा कप्पा पुसून ठेवलेला होता आणि त्यात मुलांचे खेळ रचलेले होते.

पुढचे तीन आठवडे नवरा-बायको एकमेकांशी बोलले नाहीत. “बाबांना सांग, ताट वाढलंय.” “आईला सांग, सिलिंडरचा नंबर लावलाय.” निरोप मुलांच्या तोंडून फिरत राहिले. शेवटी तिच्या वहिनीने दोघांना माझ्याकडे पाठवलं.

मी नाशिकमध्ये कुटुंब समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण दोघांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत, नावं दिलेली नाहीत. आज कोणाच्या टीपॉयवर मासिक नसतं. आता भांडण नवऱ्याच्या मोबाइलवर काय येतं आणि गेम खेळायला फोन घेतलेल्या मुलाला काय दिसलं, यावरून होतं. पण नवरा-बायको समोर बसून बोलायला लागले की दर वेळी मला हे घर आठवतं.

घर

घरात पाच माणसं. नवरा ४२ वर्षांचा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सला. बायको ३८. मुलगी साडेबारा वर्षांची, सातवीत. मुलगा आठ वर्षांचा. आणि नवऱ्याची आई, सत्तर वर्षांच्या. इंदिरानगरला दोन बेडरूमचा फ्लॅट. एका खोलीत आजी आणि नात, दुसरीत नवरा-बायको आणि मुलगा. कोणालाच स्वतःची अशी खोली नाही, कुलूप लागेल असं कपाट फक्त दागिन्या-कागदपत्रांचं. मोठ्यांच्या वस्तू मोठ्यांच्या खोलीत ठेवा, हा सल्ला मी सुरुवातीच्या वर्षांत सर्रास द्यायचे. आपल्याकडच्या घरांत तो बसत नाही. वाचायची वस्तू म्हटलं की ती हॉलमध्येच येते.

नवऱ्याला फोटोग्राफीचा नाद. रविवारी पहाटे गाडी काढून नांदूरमधमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जायचा. चौदा वर्षं मासिकं जमवत होता. बरीचशी फोटोग्राफीची, आणि गेल्या सात-आठ वर्षांत त्यांच्या जोडीला स्टॉलवर मिळणारी इंग्रजी पुरुष-मासिकं. मुखपृष्ठावर पोहण्याच्या वेशातली किंवा अंतर्वस्त्रांतली अभिनेत्री, आत मोटारी, घड्याळं, मुलाखती, आणि मध्ये तिचीच आठ-दहा पानं. नग्न चित्रं त्यात नव्हती. रद्दीत गेलेल्या २१ किलोंत या मासिकांचा वाटा फार तर पाच किलोंचा. आणि उरलेल्यांत दोन अंक असे होते, ज्यांत त्याने काढलेला चित्रबलाक पक्ष्यांचा फोटो छापून आला होता.

“मला काय माहीत ते अंक कोणते? कधी दाखवलेत तरी का?” असं बायकोचं म्हणणं.

“दाखवले होते. तू कुकर लावत होतीस,” असं त्याचं.

पहिली भेट

नवरा पहिल्या भेटीला वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी फेब्रुवारीत दिलेल्या निकालाचं. टेनिसपटू बोरिस बेकर आणि बार्बरा यांचा एकत्र नग्न फोटो, तिच्या वडिलांनीच काढलेला, आधी एका जर्मन मासिकात आला होता. १९९३ मध्ये तो कोलकात्याच्या ‘स्पोर्ट्‌सवर्ल्ड’ने आणि ‘आनंदबझार पत्रिके’ने छापला. त्यावरून खटला झाला आणि वीस वर्षं रेंगाळला. कोर्टाने सांगितलं की नुसत्या नग्नतेने फोटो अश्लील ठरत नाही. तो कशासाठी छापलाय आणि त्यातून काय सांगितलंय हे पाहायला हवं. त्या फोटोत वर्णद्वेषाविरुद्धचं म्हणणं होतं. ज्याचं मन चटकन बिघडेल अशा वाचकाला मापदंड धरणारी ‘हिकलिन’ नावाची जुनी इंग्रजी कसोटी कोर्टाने बाजूला ठेवली, आणि आजच्या समाजाची सर्वसाधारण धारणा काय, हे पाहावं असं म्हटलं.

“मॅडम, इथे तर अंगावर कपडे आहेत,” तो म्हणाला. “आणि हिने मला घरात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही.”

“मला शाळेत ठेवलीत का?” ती म्हणाली. “कोर्ट माझ्या स्टाफरूममध्ये येऊन बसत नाही. वही पुढ्यात ठेवली तेव्हा मागे दोघी हसल्या. कोणाच्या घरातून आलं हे सगळ्यांना कळलं. माझा भाऊ तर म्हणतो पोलिसांत दे.”

कायद्याचा विषय निघालाच होता म्हणून मी तो आधी संपवला. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाविरुद्धचा १९८६ चा कायदा आहे, पण तो छापणाऱ्यांना, विकणाऱ्यांना, वाटणाऱ्यांना धरतो. तेव्हाच्या भारतीय दंड विधानाचं कलम २९२ विक्री, वितरण आणि जाहीर प्रदर्शनाबद्दल होतं, आणि कलम २९३ वीस वर्षांखालच्या व्यक्तीला असं साहित्य विकण्या-दाखवण्याबद्दल. (जुलै २०२४ पासून न्याय संहितेत हीच कलमं २९४ आणि २९५ झाली, आणि विशीची अट जाऊन ‘बालक’ हा शब्द आला.) स्टॉलवर राजरोस मिळणारं मासिक घरी आणणाऱ्या बापाला यातलं काही लागू होत नव्हतं.

नवऱ्याचा चेहरा जरा सैल झाला. मग मी त्याला दुसरा एक निकाल सांगितला, त्याच्या कात्रणापेक्षा त्याच्या घराला जास्त जवळचा. वर्तमानपत्रांतले तोकड्या कपड्यांतले फोटो अल्पवयीन मुलांच्या हाती पडतात, त्यांना आळा घाला, अशी याचिका अजय गोस्वामी या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात केली होती. डिसेंबर २००६ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. सगळी वर्तमानपत्रं लहान मुलांच्या मापाने कापता येणार नाहीत, वाचणाऱ्यांनी जबाबदारीने वाचण्याची सवय लावायला हवी, असा त्या निकालाचा रोख होता. म्हणजे मुलांचं काय करायचं हा प्रश्न कोर्टाने घराकडे परत पाठवला होता. आणि हे दोघं तो प्रश्न मुलांच्याच तोंडून एकमेकांकडे पाठवत होते.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. ऐकणाऱ्याला वाटेल, ती जुन्या वळणाची आणि तो पुढारलेला. तसं नव्हतं. २००७ मध्ये पौगंडावस्था शिक्षणाच्या पुस्तकांतल्या चित्रांवरून राज्यात गदारोळ झाला आणि सरकारने तो कार्यक्रम बंद केला, तेव्हा हीच बाई शिक्षकांच्या बैठकीत उभी राहून म्हणाली होती की मुलींना पाळीचं शाळेने सांगायचं नाही तर कोणी सांगायचं. स्वतःच्या मुलीला तिने सगळं नीट, चित्र काढून समजावलं होतं. तो मात्र मुलीच्या वाढत्या वयाबद्दल एक शब्द बोललेला नव्हता. ती मोठी व्हायला लागल्यापासून तिच्याशी कमीच बोलायचा. १९९५ मध्ये मधू सप्रे आणि मिलिंद सोमण या मॉडेलांच्या बुटांच्या नग्न जाहिरातीवरून मुंबईत गुन्हा दाखल झाला, तेव्हा तो नुकताच नोकरीला लागला होता आणि मित्रांशी त्यावरून तावातावाने भांडला होता. २००९ मध्ये त्या खटल्यातली मंडळी निर्दोष सुटली याचा त्याला मनापासून आनंद झाला होता. माझं मत असं झालं की ते भांडण त्याच्या मनात कधी संपलंच नाही. समोर बायको बसलीय, सेन्सॉर नाही, हे त्याच्या ध्यानातच येत नव्हतं.

बारा चित्रं

दुसऱ्या भेटीला मी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि प्रत्येकापुढे तीच बारा चित्रं ठेवली. राजा रविवर्म्याच्या छापील चित्राची दिनदर्शिका. लंगोटातले दोन मल्ल. सरकारी दवाखान्यातलं स्तनपानाचं भित्तिपत्रक. बनियन-जांघियाच्या खोक्यावरचा पुरुष. सिनेमाची पुरवणी. पैठणीची जाहिरात. खजुराहोचं शिल्प. गोव्याच्या किनाऱ्यावरचं एक कुटुंब. दिवाळी अंकातलं एक खिडकीचित्र. पुरुष-मासिकांची दोन मुखपृष्ठं. आणि एका महिला मासिकातली ‘पंधरा दिवसांत पोट सपाट’ अशी आधीचा-नंतरचा फोटो असलेली जाहिरात.

तीन ढीग करायचे होते : हॉलमध्ये चालेल, घरात चालेल पण उघड्यावर नको, घरातच नको.

बारांपैकी नऊ चित्रांवर दोघांचं एकमत निघालं. मल्ल, भित्तिपत्रक, रविवर्मा, शिल्प सगळं हॉलमध्ये. खिडकीचित्रावर तर दोघंही हसले. ज्यांच्या घरी दिवाळीत ‘आवाज’ यायचा त्यांना हे सांगायला नको. मधुकर पाटकरांनी १९५१ मध्ये सुरू केलेल्या त्या अंकात पानाला कापलेल्या चौकटीतून काहीतरी चावट दिसायचं आणि पान उलटलं की निघायचं अगदी साधं. दोघांच्याही माहेरी-घरी तो अंक आजोबा, काका, मुलं असे सगळे पाळीपाळीने वाचत. म्हणजे उघडं अंग किंवा चावटपणा एवढ्यावरून या घरात भांडण नव्हतंच. तीन आठवडे एकमेकांना मनातल्या मनात ‘विकृत’ आणि ‘काकूबाई’ म्हणणारी ही माणसं, नऊ चित्रांबाबत एकाच घरातली होती. हे निकाल शेजारी शेजारी ठेवून मी दोघांना दाखवले. दोघं बराच वेळ त्या याद्या पाहत राहिले.

मतभेद तीन चित्रांवर. पुरुष-मासिकांची मुखपृष्ठं तिने ‘घरातच नको’त टाकली, त्याने ‘हॉलमध्ये चालेल’मध्ये. ते अपेक्षित होतं. तिसरं चित्र अनपेक्षित निघालं. पोट सपाट करण्याची जाहिरात तिने बिनदिक्कत हॉलच्या ढिगात ठेवली होती, त्याने ‘घरातच नको’त.

मला आधी वाटलं, उट्टं काढतोय. कारण विचारलं. म्हणाला, “हा फोटो खोटा आहे. एकाच दिवशी काढलेत दोन्ही. पहिल्यात पोट सोडलंय, दिवा वरून. दुसऱ्यात श्वास ओढलाय, दिवा बाजूने, आणि वर कंबर घासलीय काँप्युटरवर. मागचा पडदा बघा, कंबरेजवळ वाकलाय.”

खरोखरच पडद्याची सरळ रेघ तेवढ्या जागी आत गेलेली होती. ही मासिकं बायको दर महिन्याला घ्यायची. त्यात पाककृती असायच्या, विणकाम, आरोग्याचा सल्ला. तिच्या मते ती घरातली सर्वांत सभ्य वस्तू होती, आणि म्हणून त्या रात्री रद्दीत गेली नव्हती.

मुलगी

पहिल्या दोन भेटींत मी मुलीबद्दल फारसं विचारलंच नाही. प्रकल्प मुलाचा होता, म्हणून सगळ्यांचं लक्ष मुलाकडे, आणि माझंही तिथेच राहिलं. ही चूक माझी. आजी सहज म्हणून गेल्या, “पोरगी हल्ली डबा तसाच आणते,” तेव्हा मी तिला एकटीला बोलावलं.

ती आली ती ओढणी दोन्ही खांद्यांवर घट्ट पिन लावून. पहिली पंधरा मिनिटं अभ्यासाबद्दल बोललो. मग तिने दप्तरातून एक शंभरपानी वही काढली आणि स्वतःच माझ्यापुढे ठेवली. बहुधा कोणीतरी विचारायची वाटच पाहत असावी.

वहीत तारखा होत्या आणि आकडे. २६, २६, २५॥, २६, २५॥. आईच्या शिलाई मशीनच्या खणातली टेप घेऊन ती रोज सकाळी बाथरूममध्ये कंबर मोजत होती. मार्चपासून. काही पानांवर चित्रं चिकटवलेली होती. मी नीट पाहिली. एकही चित्र बापाच्या मासिकांतलं नव्हतं. आईच्या महिला मासिकांतली आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीतली होती. पूर्ण कपड्यांतल्या, सडपातळ, हसऱ्या बायका.

“बाबांच्या पुस्तकांना हात लावला तर आई ओरडेल,” ती म्हणाली. “ही चालतात.”

पोळी ती मैत्रिणीला द्यायची. भाजी तेवढी खायची. पाळी सुरू होऊन सहा महिने झाले होते. नंतर बालरोगतज्ज्ञांकडे तपासलं तेव्हा हिमोग्लोबिन ९.६ निघालं. वजन वयाच्या मानाने अगदी ठीक होतं, तिला कमी करायला काही नव्हतंच.

मग तिने तो प्रश्न विचारला, ज्यासाठी मी हे प्रकरण लिहितेय. खाली पाहत, ओढणीची पिन उघडझाप करत म्हणाली, “मॅडम, आई जाड आहे म्हणून बाबा ती पुस्तकं आणतात का?”

मी काही उत्तर द्यायच्या आत पुढे म्हणाली, “आई पण तेच समजते. म्हणून ती चिडते. आणि मी आईसारखी होणार आहे, आजी म्हणते तसं.”

आई म्हणत होती, फोटो अश्लील आहेत. बाप म्हणत होता, नाहीत. मुलीच्या डोक्यात हा प्रश्नच नव्हता. टीपॉयवरच्या फोटोतून तिने एवढंच वाचलं होतं की या घरातल्या पुरुषाला कशा बायका पाहाव्याशा वाटतात, आपली आई त्यात बसते का, आणि उद्या आपण बसू का. अनेक मुली हे वाचतात आणि कोणाला सांगत नाहीत. चित्रांचा असा परिणाम होतो हे नुसतं माझं म्हणणं नाही. फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकी संशोधिकेने तिथल्या शाळकरी मुलींची तेव्हा आणि पुन्हा १९९८ मध्ये पाहणी केली. वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणाऱ्या मुली आधी एकही नव्हत्या, तीन वर्षांनी ११.३ टक्के होत्या. टीव्हीवर त्यांना जे दिसत होतं ते काही अश्लील कार्यक्रम नव्हते.

मुलीला मी विचारलं, यातलं आई-बाबांना काय सांगू? “आईला सगळं सांगा. बाबांना पोळीचं सांगा, ते दुसरं नको.” एक आठवड्याने तिने स्वतःच निरोप पाठवला, बाबांनाही सांगा.

मधल्या त्या आठवड्यात बायको एकटी भेटली. वही पाहून ती आधी खूप रडली, मग म्हणाली, “दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं अंग सुटलं. ह्यांनी चौदा वर्षांत किती हजार फोटो काढले असतील. पाणकोंबडीचे, बगळ्याचे. माझा एक नाही. लग्नकार्यात ग्रुपमध्ये असेन तेवढीच.” शाळेतली नामुष्की खरी होती, पण त्याआधीपासूनची सल ही होती. तिला ती बोलून दाखवता येत नव्हती, म्हणून तिने ‘घरात मुलं आहेत’ हा शब्द पुढे केला होता. मुलं घरात आहेत हे खरंच होतं, त्यामुळे तो शब्द खोटा नव्हता. अपुरा होता.

हेच नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवते. किती वेळा विचारू?” आणि मुलीचा प्रश्न सांगितला तेव्हा काहीच म्हणाला नाही. चष्मा काढून पुसत बसला. निघताना दारात थांबून विचारलं, “तिने अगदी हेच शब्द वापरले?” मी हो म्हटलं.

आजी

आजींना मी मुद्दाम बोलावलं नव्हतं. एका भेटीला त्या सुनेसोबत आल्या आणि बसून राहिल्या. बोलता बोलता त्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली. त्यांचे वडील पुण्याला मास्तर होते आणि त्यांच्याकडे र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ यायचं. १९२७ ते १९५३ पर्यंत चाललेलं, संततिनियमन आणि लैंगिक आरोग्याबद्दल मोकळेपणाने लिहिणारं ते मासिक. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं. कर्व्यांवर त्या मासिकापायी खटले झाले, आणि १९३४ मधल्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. आजींना हे काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच आठवत होतं की आठ-नऊ वर्षांच्या असताना वडिलांच्या ट्रंकेत त्यांनी तो अंक पाहिला आणि आईने पाठीत धपाटा घातला.

“का घातला ते सांगितलं नाही. वडिलांनाही काही बोलली नाही. मी पुष्कळ दिवस समजत होते की बाईचं अंगच काहीतरी पाप आहे, आणि ते मला पण आहे.” सुनेकडे वळून म्हणाल्या, “तू पोराला मारलं नाहीस, ते बरं केलंस.”

सून काही वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मारलं नाही आई. पण त्या दिवसापासून त्याच्याशी त्या विषयावर बोललेही नाही. तो अजून विचारतो, माझ्या वहीत काय चुकलं.”

म्हणजे एक महिना होऊन गेला तरी ज्याच्या वहीवरून हे सगळं झालं त्या मुलाला कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

काय ठरलं

मुलाशी काय बोलायचं ते दोघांनी माझ्यासमोर बसून ठरवलं आणि घरी दोघांनी मिळून सांगितलं. वाक्यं साधी होती. चित्र कापलंस हे काही वाईट केलं नाहीस. त्या बाईने पोहायचे कपडे घातलेत, ते पोहताना घालतात. पण ते मासिक मोठ्यांसाठी आहे आणि शाळेच्या वहीत लावायचं चित्र वेगळं असतं, हे आम्ही तुला सांगायला हवं होतं. मुलाने एकच प्रश्न विचारला : “मग पोहण्याचं कोणतं लावू?”

बापाने त्याला स्वतः काढलेला एक फोटो छापून दिला. उन्हाळ्यात रामकुंडावर उड्या मारणारी मुलं, ओल्या चड्ड्यांवर, एक जण हवेतच. तो वहीत लागला आणि बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली.

मुलीच्या बाबतीत बापाने जे केलं ते मी सुचवलेलं नव्हतं. रविवारी नांदूरमधमेश्वरला न जाता त्याने तिला काँप्युटरपुढे बसवलं आणि स्वतःचाच एक फोटो उघडला, बनियनवरचा, ढेरी दिसणारा. दहा मिनिटांत त्याने ती ढेरी आत ढकलली, हनुवटीखालचं मांस काढलं, कातडी गुळगुळीत केली. मग माउस तिच्या हातात दिला. तिने त्याची कंबर इतकी आत नेली की पाठीमागच्या न्हाणीघराच्या फरशांच्या रेघा धनुष्यासारख्या वाकल्या. “आता फरशा सरळ कर,” तो म्हणाला, “ह्या सरळ करायचे पैसे घेतात लोक.” मग त्याने आईचं मासिक आणलं आणि दोघांनी मिळून पडदे, चौकटी, कठडे तपासले. अकरा जाहिरातींपैकी तीन ठिकाणी रेघ वाकलेली सापडली. इस्रायलने असे घासलेले जाहिरातीतले फोटो तसे आहेत हे छापणं कायद्याने सक्तीचं केलंय, हेही त्याने तिला सांगितलं. मुलगी मला म्हणाली, “बाबा पहिल्यांदा माझ्याशी इतका वेळ बोलले.”

तेवढ्याने डबा संपायला लागला असं मात्र नाही. त्याला पाच महिने, लोहाच्या गोळ्या आणि आहारतज्ज्ञांच्या चार खेपा लागल्या. टेप आईने लपवली नाही. तिने मुलीलाच ब्लाउजची मापं घ्यायला शिकवलं, छाती, कंबर, मुंढा, बाही, आणि पहिलं माप स्वतःचं घ्यायला लावलं. वहीतल्या आकड्यांत मग आईचेही आकडे आले.

नवरा-बायकोत ठरलं ते इतकंच : फोटोग्राफीची मासिकं हॉलमध्ये राहतील. पुरुष-मासिक घरात उघड्यावर राहणार नाही. आईच्या मासिकातल्या वजन घटवण्याच्या जाहिराती पाहून मुलीशी बोलायचं, फाडायच्या नाहीत. आणि एकमेकांची वस्तू विचारल्याशिवाय घराबाहेर जाणार नाही.

पुरुष-मासिकाचा वाद सुटला नाही. त्याने घेणं खूप कमी केलं, बंद केलं नाही. अधूनमधून एखादा अंक त्याच्या कॅमेऱ्याच्या बॅगेत असतो, आणि तो असतो हे तिला माहीत आहे. तिला तो आवडत नाही. तिने तसं स्पष्ट सांगितलं, आणि त्याने ऐकून घेतलं. हा निर्णय मी त्यांच्यावर सोडला. दोन मोठ्या माणसांमधला मतभेद मुलांच्या नावावर न भांडता राहू शकतो का, एवढंच मला पाहायचं होतं, आणि तो राहिला. माझ्या क्षेत्रातल्या काही मैत्रिणींना हे पटत नाही. त्यांच्या मते मुलगी असा प्रश्न विचारते तेव्हा बापाने ते मासिक त्याच दिवशी सोडायला हवं होतं. त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. पण माझ्या दडपणाने त्याने सोडलं असतं तर ते बॅगेतून लॉकरमध्ये गेलं असतं आणि बायकोला पुन्हा काही कळलं नसतं, असं मला त्याला ओळखून वाटतं.

शेवटची भेट एप्रिल २०१५ मध्ये झाली. मुलगी आठवीत जाणार होती, हिमोग्लोबिन ११.८ होतं. बायकोने पिशवीतून एक जुना अंक काढून मला दाखवला. जुलैनंतर ती शाळा सुटली की रद्दीची दुकानं पालथी घालत होती, रविवार कारंजा, पंचवटी, सिडको, जिथे म्हणून ढीग दिसेल तिथे. चित्रबलाकांचा फोटो असलेला तो अंक तिला फेब्रुवारीत सापडला. मुखपृष्ठ गेलेलं, पण फोटोचं पान शाबूत. खाली त्याचं नाव बारीक टाइपात. रद्दीवाल्याने दहा रुपये घेतले.

दुसरा अंक अजून सापडलेला नव्हता. तिने पंचवटीच्या दुकानदाराकडे अंकाचं नाव आणि महिना लिहून दिलेला होता.